एक स्रोत, ४८० भाग : ईम्यूलच्या मॉर्फएक्सटी मॉडवरून मोठी फाइल सोडण्याचं प्रकरण

जीएनयू/लिनक्सची एक इन्स्टॉल डीव्हीडी आहे, आकार ४,६६,६०,००,००० बाइट. परवाना मोकळा, वाटायला कसलीही आडकाठी नाही. लोक एकमेकांच्या संगणकांवरून थेट फाइली घेतात-देतात अशा ईडॉन्की (सर्व्हरवर चालणारं) आणि काड (सर्व्हरविना चालणारं) या जाळ्यांवर ती सोडायची आहे, आणि तिथे ती अजून कुणाकडेच नाही. एकमेव प्रत एका घरगुती संगणकावर. काळ २००७-०८ च्या आसपासचा, जोडणी एडीएसएलची, वर जाणारा वेग ५१२ किलोबिट. फाइल मागायला ४० जण रांगेत आहेत. या जाळ्यांवर फाइली वाटणारा प्रोग्रॅम ईम्यूलच, पण अधिकृत नव्हे. समुदायाने बदललेला मॉर्फएक्सटी. फाइलचा आकार, वेग आणि माणसं हिशेबासाठी धरली आहेत. ईम्यूलचे बाकीचे आकडे त्याच्या कोडमधले आहेत. पहिली पूर्ण प्रत लवकरात लवकर बाहेर कशी पडेल, आणि त्यानंतर मूळ संगणक बंद झाला तरी फाइल जिवंत कशी राहील, एवढाच इथे प्रश्न आहे.

तारेतून जाणारा वेग कुठलाही मॉड वाढवू शकत नाही. काय आधी द्यायचं, कुणाला द्यायचं, एका वेळी किती जणांना द्यायचं, हा क्रम मात्र बदलता येतो. मॉर्फएक्सटीची खरी किंमत त्या क्रमात आहे आणि या प्रकरणात ती आकड्यांनी दिसते.

पार्श्वभूमी थोडक्यात. जेड मॅकेलेबच्या ईडॉन्की२००० वर समाधान न झाल्याने हेंड्रिक ब्राइटक्रॉइट्स, टोपणनाव मर्कूर, याने १३ मे २००२ रोजी ईम्यूलचं काम सुरू केलं. जुलैमध्ये कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला झाला आणि लगोलग लोक त्यात हात घालू लागले. मॉड म्हणजे कोणी तरी अधिकृत कोड घेऊन, त्यात आपले बदल मिसळून, पुन्हा बांधलेला प्रोग्रॅम. मॉर्फएक्सटीच्या कोडमध्ये जागोजागी शेरे आहेत : हा तुकडा कुणी घातला, कुठल्या मॉडमधून आणला. झेडझेड या टोपणनावाच्या माणसाची अपलोड पद्धत, स्लगफिलरचे प्रसार मोजणारे बदल, असे वेगवेगळ्या हातांचे तुकडे एका जागी आणून ते अधिकृत आवृत्तीबरोबर अद्ययावत ठेवणं, हेच त्या गटाचं मुख्य काम होतं.

आता भाग. ईम्यूल प्रत्येक फाइलचे ९७,२८,००० बाइटचे, म्हणजे बरोबर ९,५०० किलोबाइटचे भाग पाडतो. आपल्या फाइलचे ४७९ पूर्ण भाग आणि ६२,८८,००० बाइटचा एक अपुरा, असे ४८० होतात. प्रत्येक भागाचा वेगळा एमडी४ हॅश, म्हणजे त्यातल्या माहितीवरून काढलेला ठसा, असतो. उतरवणाऱ्याकडे भाग पूर्ण आला आणि हॅश जुळला, तरच तो भाग पुढे वाटला जातो. नव्व्याण्णव टक्के आलेला भाग जाळ्याच्या दृष्टीने शून्य. पुढचा सगळा हिशेब या एका नियमावर उभा आहे.

५१२ किलोबिट म्हणजे कागदावर ६२.५ किलोबाइट प्रति सेकंद. एडीएसएलच्या खाली माहिती छोट्या पेशींत वाहून नेणारा एटीएम नावाचा थर असतो, त्यात ५३ बाइटच्या प्रत्येक पेशीत कामाचे ४८ च. त्यावर टीसीपी-आयपीचे मथळे. हाती ५३-५४ उरतात. ते सगळे अपलोडला दिले तर खाली येणाऱ्या माहितीच्या पोचपावत्या अडकतात आणि संपूर्ण जोडणी आजारी पडते. म्हणून मर्यादा कागदी वेगाच्या ८० टक्के, म्हणजे ५० वर बांधायची. पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, मोजून मर्यादा आपोआप खालीवर करणारी अपलोड स्पीडसेन्स ही सोय, मॉडांत जन्मलेली आणि नंतर अधिकृत आवृत्तीने घेतलेली, इथे वापरता येते. पण ज्या संगणकावर दुसरं काही चालत नाही तिथे बांधीव ५० जास्त भरवशाचे.

५० किलोबाइटने एक पूर्ण प्रत, एकही भाग दोनदा न देता, ९१,१३३ सेकंदांत जाते. म्हणजे २५ तास १९ मिनिटं. रांगेतल्यांच्या विचारणांना उत्तरं देण्यातही थोडा वेग खर्च होतो, तेव्हा प्रत्यक्षात जास्तच. ही खालची मर्यादा. आणि ४० जणांना ४० प्रती एकट्यानेच द्यायच्या तर ४२ दिवस. उलट त्या ४० जणांपैकी प्रत्येकाने या फाइलसाठी सरासरी ५ किलोबाइट मागे दिले, तर जाळ्याचा एकूण वेग २५० होतो आणि तेच काम साडेआठ दिवसांत उरकतं. फरक इतका मोठा आहे की मूळ संगणकाने किती दिलं यापेक्षा इतरांना द्यायला कधी लावलं, हे जास्त मोलाचं ठरतं.

इथे स्लॉटांचा, म्हणजे एका वेळी जितक्या जणांना द्यायचं त्या जागांचा, मुद्दा येतो. त्या काळच्या अधिकृत आवृत्तीत दर अपलोड स्लॉटमागे ३ किलोबाइट धरलेले होते. ५० चा वेग असला की साधारण १६ जणांना एकाच वेळी ३-३ किलोबाइट मिळतात. ९,५०० किलोबाइटचा भाग ३ ने यायला जवळजवळ ५३ मिनिटं लागतात. म्हणजे पहिली ५३ मिनिटं १६ माणसं अर्धेमुर्धे भाग घेऊन बसलेली आणि कुणाकडेच दुसऱ्याला देण्यासारखं काही नाही. सोळा भाग जवळपास एकदम पूर्ण होतात.

स्लॉट ५ आणि प्रत्येकी १० किलोबाइट केले तर पहिले पाच भाग ९५० सेकंदांत, म्हणजे १६ मिनिटांच्या आत पूर्ण होतात आणि लगेच पुढे फिरू लागतात. ५३ मिनिटांत बाहेर गेलेला एकूण माल दोन्हीकडे सारखाच. पण इथे पहिल्या पाच भागांना फिरायला ३७ मिनिटं जास्त मिळाली, आणि हे दर फेरीला घडतं. दोनच स्लॉट, प्रत्येकी २५, तर एक भाग ६ मिनिटं २० सेकंदांत. एकच स्लॉट, ५०, तर ३ मिनिटं १० सेकंदांत.

मग एकच स्लॉट का नको? कारण समोरचा तो वेग पेलेलच असं नाही. त्याचं दहा ठिकाणांहून काही ना काही उतरत असतं, एखादा अजून डायलअप मोडेमवर असतो. एकुलत्या स्लॉटवर ५ किलोबाइट घेणारा माणूस बसला तर उरलेले ४५ वाया. मॉर्फएक्सटीतल्या झेडझेडच्या पद्धतीत याची तजवीज आहे : स्लॉट क्रमाने लागलेले असतात, वरचा जितका पेलेल तितका घेतो, उरलेलं खाली झिरपतं, आणि तळाशी एखादा बारीक ट्रिकल स्लॉट उघडा असतो जो उष्टं-उरलं घेतो. याला स्लॉटफोकस म्हणतात. एक्स्ट्रीम या दुसऱ्या मॉडमध्ये तर दर स्लॉटला किती वेग, हे स्वतःच ठरवता येतं. या प्रकरणात ५ गुणिले १० हे माप योग्य. २ गुणिले २५ चा मोह होतो, पण दोघांपैकी एक जण मध्येच निघून गेला तर त्या क्षणी चालू असलेलं निम्मं काम लटकतं.

एक सेटिंग विसरू नये : अपलोडला पूर्ण भाग देण्याचा प्रयत्न करा, अशा अर्थाचा पर्याय चालू हवा. तो चालू असला की माणसाला एका बैठकीत एक भाग आणि वर २० किलोबाइट मिळतात, मग तो रांगेत परत जातो. बंद असला तर बैठक एका तासाने तोडली जाते. तासात ९,५०० किलोबाइट पूर्ण व्हायला २.६४ चा वेग सतत लागतो. ३ किलोबाइटच्या स्लॉटवर तो जरा घसरला की तास संपतो आणि भाग अपुरा राहतो. तो पूर्ण करू शकणारा दुसरा स्रोत जगात नाही. माणूस पुन्हा रांगेच्या शेवटी, आणि तोवर त्याच्याकडचे आठ-नऊ हजार किलोबाइट कुणाच्याच कामाचे नाहीत.

आता पुनरावृत्ती. ईम्यूलच्या प्रोटोकॉलमध्ये कुठला भाग घ्यायचा हे उतरवणारा ठरवतो, देणारा नाही. देणारा फक्त आपल्याकडे कुठले भाग आहेत याचा नकाशा पाठवतो. मागणी १८० किलोबाइटच्या तुकड्यांनी, एका वेळी तीन, अशी समोरून येते. उतरवणारा दुर्मिळ भाग आधी निवडतो हे खरं, पण दुर्मिळ कुठला हे त्याला कळतं ते इतर स्रोतांच्या नकाशांवरून, आणि स्रोताकडे पुन्हा विचारणा होते सुमारे २९ मिनिटांनी. म्हणजे माहिती अर्धा तास शिळी. शिवाय सुरुवातीला एकच स्रोत असल्याने ४८० भाग सारखेच दुर्मिळ दिसतात आणि निवड नशिबावर पडते. सगळ्यांनी अगदी डोळे झाकून निवडलं तर सर्व ४८० भाग किमान एकदा बाहेर पडायला सरासरी ३,२४० भाग पाठवावे लागतील. पावणेसात पट. २५ तासांचं काम सात दिवसांवर जातं. एवढी वाईट पाळी प्रत्यक्षात येत नाही, कारण शिळी का असेना, थोडी माहिती लोकांकडे असते. पण शेवटचे पाच-दहा भाग रखडतात आणि डझनभर लोक ९८ टक्क्यांवर अडकून राहतात, ते याच कारणाने.

देणाऱ्याला भाग नेमून देता येत नाही, पण लपवता येतो. स्लगफिलरच्या बदलांनी हाच रस्ता धरला. स्प्रेडबार ही पट्टी प्रत्येक भाग आपण किती वेळा बाहेर दिला ते नोंदवते. हाइडओएस, म्हणजे जास्त वाटलेले भाग लपवणे, ही सोय त्या नोंदीवर चालते : सगळ्यांत कमी गेलेल्या भागापेक्षा जे भाग पुढे गेले, ते नकाशातून काढून टाकायचे. आकडा १ ठेवला की एकदा गेलेला भाग, बाकीचे सगळे एकदा जाईपर्यंत, कुणाला दिसतच नाही. निवड उतरवणाराच करतो, पण उरलेल्यातून. पुनरावृत्ती शून्य होत नाही, कारण आधी पाठवलेला नकाशा समोरच्याकडे तसाच असतो आणि दोघं एकच भाग मागू शकतात. तरी पावणेसात पटीवरून हिशेब दीड पटीच्या आत येण्यासारखी ही सोय आहे. स्लॉट कमी असले की याची धार वाढते : एका वेळी पाचच भाग हवेत असतात, सोळा नव्हे.

हाइडओएसचे दोन तोटे आहेत. पहिला दिसण्याचा : मूळ संगणकही अर्धवट स्रोत दिसतो, पूर्ण स्रोतांची संख्या शून्य येते, आणि नवखे लोक फाइल मेली समजून सोडून देतात. फाइलच्या शेऱ्यात तसं लिहून ठेवावं. ईम्यूलमध्ये फाइलला शेरा आणि मूल्यांकन जोडता येतं आणि ते स्रोताबरोबर समोरच्याला दिसतं. दुसरा तोटा गंभीर आहे. भाग क्रमांक २१२ एका माणसाला दिला, त्याने संगणक बंद केला आणि आठवडाभर उघडला नाही. मूळ संगणकाच्या नोंदीत २१२ वाटला गेला आहे, म्हणून तो लपलेला. जाळ्यात मात्र तो कुठेच नाही. बाकीचे ४७९ एकदा जाईपर्यंत तो पुन्हा दिसणार नाही. म्हणून पहिली फेरी संपली की लगेच उपलब्धतेची पट्टी पाहायची आणि मूळ संगणक वगळून ज्या भागांचा स्रोत शून्य आहे ते मोजायचे. ते दुसऱ्या फेरीत आपसूक दिसू लागतात, पण बाकीच्या सगळ्यांबरोबर. इथून पुढे शेअर ओन्ली द नीड ही दुसरी सोय जास्त उपयोगी पडते, कारण ती आपण काय दिलं याच्याऐवजी रांगेतल्यांकडे काय आहे ते पाहते आणि गरजेचे भागच दाखवते. सुरुवातीला तिला पाहायला काही नसतं, तेव्हा पहिल्या फेरीला हाइडओएस आणि नंतर ही, असा क्रम लावावा.

रांगेतला क्रमही बघावा लागतो. त्याच संगणकावर आणखी ३०० फाइली शेअर असतील तर ५० किलोबाइट सगळ्यांत वाटले जातील. ईम्यूलमध्ये रांगेतला गुण म्हणजे मानांकन गुणिले थांबलेले सेकंद भागिले १००. मानांकन १०० पासून सुरू होतं आणि त्याला फाइलच्या प्राधान्याचा गुणक लागतो : नेहमीचं ०.७, उंच ०.९, कमी ०.६, रिलीज, म्हणजे सगळ्यांत वरचं, १.८. डीव्हीडीला रिलीज द्यायचं. ऑटो ठेवू नये. ऑटोत मागणाऱ्यांची संख्या २० च्या वर गेली की प्रोग्रॅम त्या फाइलचं प्राधान्य कमी करतो, म्हणजे आपली ४० जणांची डीव्हीडी १.८ च्या ऐवजी ०.६ वर उतरते, तिप्पट मागे. लोकप्रिय फाइलचे स्रोत पुष्कळ असणार असं तो नियम गृहीत धरतो, आणि एका स्रोताच्या फाइलला ते गृहीतक उलटं पडतं. मॉर्फएक्सटीचं पॉवरशेअर याहून पुढचं : ज्या फाइलला ते लावलं तिचे मागणारे बाकी सगळ्यांच्या आधी. एका फाइलला, पहिली प्रत बाहेर पडेपर्यंत, ते लावणं रास्त. शंभर फाइलींना लावून ठेवणारे लोक होते. त्याने प्राधान्याला अर्थच उरत नाही आणि बाकीची रांग उपाशी राहते.

आता जे सगळ्यात जास्त बिघडतं ते. ईम्यूलची क्रेडिट पद्धत जाळ्याचा राखणदार मानली जाते आणि ती खरोखर चांगली आखलेली आहे. कुणी तुम्हाला किती दिलं याची नोंद तुमच्याच संगणकावर राहते, त्याच्याकडे नाही. त्यामुळे स्वतःची नोंदवही खोटी करून कुणाला काही मिळत नाही. गुणक दोन रीतींनी काढतात : त्याने दिलेल्याची दुप्पट भागिले त्याने घेतलेलं, किंवा दिलेले मेगाबाइट अधिक २ यांचं वर्गमूळ, जो लहान तो घ्यायचा, १ ते १० च्या मर्यादेत. एखाद्याने तुम्हाला ४०० मेगाबाइट दिले आणि १०० घेतले, तर पहिला येतो ८, दुसरा २०, गुणक ८. नवख्याला दोन तास थांबून जे गुण मिळतात ते त्याला १५ मिनिटांत.

पण रिलीज करणारा कुणाकडून काही घेतच नाही. त्याच्या रांगेत सगळ्यांचा गुणक १. दिवसभर मनापासून वाटणारा आणि अपलोड शून्यावर बांधून बसलेला, दोघं एकाच मापाने मोजले जातात. क्रेडिट पद्धत बरोबर इथेच आंधळी आहे. आणि हाइडओएस चालू असताना नुकसान दुप्पट : लीचर मॉड, म्हणजे फक्त घेण्यासाठी बदललेला प्रोग्रॅम, वापरणारा भाग घेतो, पुढे देत नाही, आणि आपल्या नोंदीत तो भाग वाटला गेला म्हणून लपतो. पाच स्लॉटांपैकी दोनांवर असे लोक आले तर पहिल्या फेरीतले चाळीस टक्के भाग विहिरीत टाकल्यासारखे जातात.

अधिकृत प्रोग्रॅममध्येही वेसण आहे. अपलोड मर्यादा ४ किलोबाइटच्या खाली ठेवली तर उतरवण्याचा वेग तिच्या तिप्पट, ४ ते १० च्या मध्ये चौपट, १० आणि वर मोकळा. लीचर मॉड पहिल्यांदा हीच ओळ उडवतात. मग दुसऱ्याची ओळख चोरतात. प्रत्येकाला १६ बाइटचा वापरकर्ता हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, असतो आणि तो उघडपणे पाठवला जातो, तेव्हा चांगलं क्रेडिट असलेल्याचा हॅश उचलून आपला म्हणून मिरवणं सुरुवातीला सोपं होतं. त्यावर ३८४ बिटच्या आरएसए किल्लीची सुरक्षित ओळख आली : हॅश कुणीही सांगेल, सही मात्र खऱ्या मालकालाच करता येते. दहा मिनिटांच्या आत पुन्हापुन्हा विचारणा करून रेटा लावणाऱ्याला ईम्यूल दोन तासांची बंदी घालतो. अपलोड न करणाऱ्याला मात्र यातलं काहीच पकडत नाही.

मॉडवाल्यांचं उत्तर म्हणजे डीएलपी, डायनॅमिक लीचर प्रोटेक्शन. एक्स्ट्रीम मॉडमधून आलेली ही सोय पुढे इतर मॉडांनीही घेतली. ओळखीच्या वेळी प्रत्येक मॉड आपलं नाव एका ठरलेल्या खुणेत पाठवतो. शिवाय कुठल्या खुणा कुठल्या क्रमाने येतात, नसायला हवी ती खूण आहे का, ईम्यूलच्या हॅशमधले ठरलेले दोन बाइट, ० पासून मोजले तर ५ वा आणि १४ वा, १४ आणि १११ आहेत का, अशा ठशांवरून खोटं सोंग ओळखता येतं. हे तपास अँटीलीच नावाच्या वेगळ्या डीएलएलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमसोबतच्या कोडच्या फाइलमध्ये, ठेवल्याने, नवा लीचर मॉड निघाला की फक्त ती फाइल बदलायची; सगळा प्रोग्रॅम पुन्हा बांधायला नको. या प्रकरणात ती चालू आणि ताजी असणं सक्तीचंच मानावं. निव्वळ बंदी घालावी की गुण कमी करावेत यावर मतभेद होते. रिलीजच्या पहिल्या फेरीत बंदीच बरी; नंतर सौम्य व्हायला हरकत नाही.

दुसरा उपाय मित्र स्लॉट. ओळखीचा, मोठ्या अपलोडचा एक माणूस निवडून त्याला तो द्यायचा. तो रांग ओलांडून येतो. एका वेळी एकालाच देता येतो. त्याचा अपलोड आपल्या दहापट असेल तर चाळिसांत विखुरण्यापेक्षा पहिली प्रत त्याच्याकडे जाणं फायद्याचं. तेवढा मोठा नसेल तर विखुरणंच चांगलं, कारण तेव्हा सोळाव्या मिनिटापासून पाच जण वाटू लागतात.

सुरू करण्याआधीच्या दोन-तीन गोष्टी, ज्यावाचून वरचं सगळं व्यर्थ. राउटरवर टीसीपी ४६६२ आणि यूडीपी ४६७२ हे दोन पोर्ट पुढे पाठवलेले हवेत. सर्व्हरने दिलेला आयडी १,६७,७७,२१६ पेक्षा लहान असेल तर तो लो आयडी. दोन लो आयडी सर्व्हरमार्फत एकमेकांना जोडू शकत नाहीत, म्हणजे आपण लो आयडी असलो तर चाळिसांपैकी जेवढे लो आयडी तेवढे बाद. सर्व्हर आणि काड दोन्ही चालू ठेवावेत. फेब्रुवारी २००६ मध्ये रेझरबॅक२ हा त्या जाळ्याचा अवाढव्य सर्व्हर बेल्जियममध्ये जप्त झाला तेव्हा फक्त सर्व्हरवर विसंबणाऱ्यांचे हाल झाले. काडवाले चालू राहिले. काडवर स्रोताची नोंद पाच तासांनी, शब्दांची चोवीस तासांनी नव्याने होते, तेव्हा सोडल्या सोडल्या शोधात दिसली नाही म्हणून फाइल काढून पुन्हा घालू नये.

आकाराचा सापळा वेगळा. जुन्या ईम्यूलची कमाल मर्यादा ४,२९,००,४८,००० बाइट, म्हणजे बरोबर ४४१ भाग. आपली फाइल तिच्या वर आहे. ०.४७ए पासून ६४ बिट आकार चालतो, पण त्याआधीच्या पायावरचे मॉड आणि मोठ्या फाइली न समजणारे सर्व्हर तिला पाहतच नाहीत. शिवाय फॅट३२ या जुन्या मांडणीच्या डिस्कवर एवढी फाइल मावत नाही. तक्रार येते ती प्रोग्रॅमबद्दल, दोष डिस्कच्या मांडणीचा असतो.

लोकांना फाइलचा दुवा देताना त्यात एआयसीएच हा दुरुस्तीसाठीचा हॅश जोडायचाच. एमडी४ भाग बिघडला एवढंच सांगतो आणि ९,५०० किलोबाइट फुकट जातात. एआयसीएच प्रत्येक भागाचे १८० किलोबाइटचे ५३ तुकडे एसएचए१ हॅशच्या झाडात बांधतो, म्हणून बिघडलेला तुकडा तेवढा पुन्हा घ्यावा लागतो. पण दुव्यात हा हॅश नसेल तर उतरवणारा तो जाळ्यातून गोळा करतो आणि किमान १० वेगळ्या पत्त्यांवरून ९२ टक्के एकमत झाल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. एकाच स्रोताच्या फाइलला दहा पत्ते कुठून येणार? जिथे एकेका भागाला सोन्याचं मोल आहे, नेमकं तिथेच दुरुस्ती बंद राहते.

अधिकृत ईम्यूलवरून मॉर्फएक्सटीवर येताना सेटिंगचं फोल्डर आधी दुसरीकडे उतरवून ठेवावं. वापरकर्ता हॅश असलेली प्रेफरन्सेस फाइल आणि क्रिप्टकी ही किल्लीची फाइल जोडीनेच हलवायची. एक नवी आणि एक जुनी झाली तर सही जुळत नाही आणि इतरांच्या संगणकांवर जमलेलं आपलं क्रेडिट गोठतं. मॉड घेताना कोडही मिळतो का हे पाहावं. जीपीएलखाली बांधलेला प्रोग्रॅम वाटणाऱ्याने कोड देणं बंधनकारक आहे. फक्त प्रोग्रॅम देऊन कोड लपवणारा मॉड घेऊच नये, कारण तो काय करतो ते तपासायचा मार्गच उरत नाही.

आवरताना पाठवलेल्या एकूण बाइटचा आकडा पाहून फसू नये. फाइलच्या दीडपट माल गेला तरी एखादा भाग बाहेर नसू शकतो. मूळ संगणक वगळून प्रत्येक भागाचे किमान दोन स्रोत आणि पूर्ण प्रत असलेले तीन जण दिसले, की पॉवरशेअर काढायचं, हाइडओएस शून्यावर आणायचं म्हणजे पूर्ण स्रोत पुन्हा पूर्ण दिसेल, आणि प्राधान्य रिलीजवरून नेहमीचं करायचं. फाइल शेअरमधून काढायची नाही. पूर्ण झाली की फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवणारे बरेच असतात, आणि पहिल्या आठवड्यातले तीन पूर्ण स्रोत दुसऱ्या आठवड्यात एकावर येणं नेहमीचं आहे. २०१० च्या ०.५०ए मध्ये अधिकृत आवृत्तीनेही स्लॉटमागचा वेग ३ वर न अडवता स्लॉटांच्या संख्येप्रमाणे वाढू दिला, २५ किलोबाइटपर्यंत. त्या आवृत्तीवर वरचा स्लॉटांचा हिशेब नव्याने मांडावा, भाग लपवण्याचा आणि रांगेचा तसाच लागू पडतो.